जिलोआजा आणि छापील महिना

गुरं राखणाऱ्या बोराना लोकांच्या आमच्या वस्तीत आज कोणता दिवस, हे जिलोआजाला विचारायचं, अशीच रीत. म्हातारा पहाटे गोठ्याच्या कुंपणाशी उभा राहून चंद्र कृत्तिकांच्या कुठल्या बाजूला गेला ते बघायचा आणि दिवसाचं नाव सांगायचा. अशी सत्तावीस नावं, संपली की लगेच पुन्हा पहिल्यापासून. लग्न, बारसं, सगळं त्यांवर ठरायचं. आजा कधी चुकला नाही. चुकला असता तरी कळणार कुणाला?

मग राजधानीतून कुठल्याशा खात्याचे साहेब आले. तीन दिवस त्यांनी आजाला प्रश्न विचारले, फोटो काढला, आणि वर्षभरात घरोघरी रंगीत कॅलेंडर पोचलं. वर आजाचा फोटो, खाली आमचे दिवस. साहेबांचा महिना एकतीस दिवसांचा आणि नावं सत्तावीसच, म्हणून उरलेल्या चार चौकटींत पहिली चार नावं पुन्हा छापलेली. पुढच्या एक तारखेला परत पहिल्यापासून सुरुवात.

आमचे बाबा, वारियो, यांनी त्यात बघून माझ्या थोरल्या बहिणीचं, डाकीचं लग्न ठरवलं. आजा काठी टेकत आला.

"वारियो, त्या दिवशी लग्न? त्या दिवशी कुणी शेळीसुद्धा विकत नाही!"

"काका, कॅलेंडरात चांगला दिवस आहे. वर तुम्हीच तर बसलाय."

"अरे, मी आभाळाकडे बघून सांगतो. तो फोटोतला तुझ्याकडे बघतोय!"

"म्हणजे तुमच्यापेक्षा फोटोतल्या तुम्हालाच जास्त कळतं म्हणा की," बाबा म्हणाले. वस्ती हसली. आजाने खात्याला पत्र लिहवून घेतलं. उत्तर आलं : सूचनेची नोंद घेतली आहे, दुरुस्ती पुढील आवृत्तीत होईल, तोवर नागरिकांनी छापील दिवसच पाळावेत.

आजाने लोकांना दिवस सांगणंच सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "भिंतीला विचार."

लग्नाला चार दिवस उरले तेव्हा डाकी दुधाचं भांडं घेऊन त्याच्याकडे गेली. मीही सोबत होते.

"आज्या, मी भिंत नाही. मला खरा दिवस सांग."

म्हाताऱ्याने दुधाचा घोट घेतला. मग म्हणाला, "ठरल्या दिवसानंतर पाचवा. पण तुझा बाप ऐकणार नाही."

"त्याला ऐकायला सांगतंय कोण!"

लग्नाच्या सकाळी डाकीच्या पोटात असं दुखायला लागलं की नवऱ्याकडची माणसं आली तशी झाडाखाली बसून राहिली. ती तब्बल पाच दिवस कण्हली. रात्री मात्र माझ्या वाट्याचंही जेवायची. आजाने सांगितलेल्या दिवशी पहाटेच उठून तिने केस विंचरले.

लग्न लागलं. आमच्या रीतीप्रमाणे तुपात परतलेली कॉफीची फळं वाटली गेली. आजाने आशीर्वाद दिला आणि दोनदा मागून खाल्लं. बाबा पाहुण्यांना सांगत होते, "पोरगी नेमकी वेळेवर बरी झाली. नशीब, दुसरं काय!"

आजा ते ऐकत होता. बोट चाटत मला म्हणाला, "तूप जरा जास्तच झालंय. पण चांगलंय."