मिरची आणि झेंडूची लग्नपत्रिका

आमच्या घरात अक्षरांचं काम मी करावं, असं कुणीही म्हटलेलं नव्हतं.

कापूस सलग दोन हंगाम बुडाला, तेव्हा बायकोनं, म्हणजे सुमननं, मूर्तिजापूरच्या वावराच्या कोपऱ्यात मिरची-झेंडूच्या रोपांची नर्सरी टाकली. रोपं झकास, गिऱ्हाईक नाही! अशात अमरावतीच्या एका बचत गटाच्या मॅडमनं फोनवर विचारलं, "तुमची वेबसाइट असंल ना? सोमवारी पाहतो, मंग ऑर्डरचं ठरवतो."

"हाव, हाय ना!" सुमन ठोकून मोकळी. वेबसाइट नव्हती. ऑर्डर हुकली तर रोपं वाफ्यातच म्हातारी होणार होती.

"काहून घाबरतं? मी बनवतो," मी म्हणालो. "बारा वर्षं छापखान्यात लग्नपत्रिका जुळवल्या. कोणतं अक्षर केवढं पाहिजे, हे मले सांगू नको!" (हे वाक्य पुढे घरात सगळ्यांनी वापरलं. मी सोडून.)

सोमवारी सकाळी सलीमभाईंच्या नेट कॅफेत बसलो. भारनियमन दहाला. सलीमभाईंनी तयार साचा उघडला. वर मथळा, मध्ये मजकूर, खाली तळटीप. प्रत्येक भागाचा टाइप, आकार, रंग आपण निवडायचा. तेवढ्यात थोरले काका हजर, मागोमाग धाकटे. आमच्याकडे बातमी रोपापेक्षा लवकर उगवते!

"माह्यं नाव कोठं हाय?" थोरले काका.

"काका, हे रोपांचं आहे."

"वावर कोणाचं हाय?"

काका मथळ्यात गेले. आकार छत्तीस, लाल, ठळक.

"मंग मी काय नुसतं पाणी भरून राह्यलो काय?" धाकटे काका म्हणाले. (खरं तर तेच करत होते. विहिरीवरची मोटर त्यांची.) त्यांना चौतीस दिला. त्यांनी पडद्यावर बोटानं मोजून पाहिलं. "बारीक दिसते गा!" पस्तीस केला, तर थोरले रुसून दारात जाऊन उभे!

"भाई, मिर्ची कहाँ डालूँ?" सलीमभाईंनी घड्याळाकडे पाहत विचारलं.

पत्रिकेत वधूवर मधोमध असतात. मिरची आणि झेंडू मधोमध गेले, वेलबुट्टीच्या अक्षरांत, गुलाबी. वर देवाचं नाव केशरी. मामांना तिरप्या अक्षरांत 'प्रमुख उपस्थिती'. नर्सरीची वेळ टाकताना हात आपोआप चालला : 'सोमवार, सायंकाळी पाच'. खाली 'स्थळ'. सुमनचं नाव तेवढं राहिलं होतं. घाईत रंग निवडला, तो पांढरा. पान पांढरंच होतं.

"भाई, भाभी का नाम दिखता नहीं!"

"दाबा हो ते 'पब्लिश', लाइट चालली!"

त्यांनी दाबलं. लाइट गेली.

वेबसाइटचा पत्ता मॅडमना फोनवर कळवला. मग दुपारभर सुमनचा एकच धोशा. "फोन काहून नाही आला वो?" मी तीनदा वावरात, दोनदा रस्त्यावर जाऊन पाहून आलो. (फोन घरात होता.)

चारच्या सुमारास दारात जीप थांबली. मॅडम आणि गटाच्या चार बाया उतरल्या. जरीच्या साड्या, गजरे, एकीच्या हातात आहेराचं लुगडं!

"मुहूर्त पाचचाच ना?" मॅडम म्हणाल्या. "तुळशीचं लग्न लावतात तसं मिरचीचं बी लावत असतीन इकडं, म्हटलं! पण सुमनताई, सगळ्या खानदानाचं नाव हाय अन् तुमचंच नाही. आमाले वाटलं, बाई गेली की काय! म्हणून तडक निंगालो."

सुमननं माझ्याकडे पाहिलं. ती नजर कोणत्याही टाइपात मावणारी नव्हती.

तिनं त्यांना सरळ वाफ्यांवर नेलं. मॅडमनी एक रोप उपटून मुळं निरखली, दुसरं उपटलं, आणि बांधावरच ऑर्डर दिली. "रोपं लय चांगली हायेत बाई. ते वेबसाइट तेवढी उपटून टाका."

दुसऱ्या दिवशी सुमन स्वतः सलीमभाईंकडे जाऊन बसली. मथळ्यात 'मिरची-झेंडूची रोपं', त्याखाली तिचं नाव, ठसठशीत काळं. दोन्ही काकांना तळटीपेत बारा-बारा.

"अन् माझं?" मी विचारलं.

"तुमचं बी टाकलं ना. सगळ्यात खाली."

"दिसत नाही!"

"माह्यं तरी कोठं दिसत होतं?"

अजूनही पाहुणे आले की मी त्यांना कॅफेत नेतो आणि त्या कोऱ्या जागेवर माऊस ओढतो. निळ्या पट्ट्यात माझं नाव उजळतं. मात्र दुसरीकडे कुठं क्लिक करायचं नाही. केलं, की घरचा कारभारी गायब!