मशीनवरचं कोहळं

माझी भावजय नांदगाव खंडेश्वरजवळच्या खेड्यात राहते. साड्यांना पिको-फॉल करायचं मशीन घ्यायचं, असं तिच्या मनात दोन वर्षांपासून होतं. गावात पिको करणारं कोणी नाही. बाया साड्या घेऊन अमरावतीला येतात आणि आठ-आठ दिवस वाट पाहतात. नवं मशीन झेपत नव्हतं, म्हणून ती मोबाइलवर जुनं शोधायची. एक दिवस तिचा फोन आला.

"ताई, मशीन भेटलं. अकोल्याचा माणूस हाये. आपलाच निघाला."

"आपला म्हणजे?"

"त्याची आत्या आमच्याच गावात देली हाये ना!"

आमच्याकडे अनोळखी माणसाला आधी गाव विचारतात, मग सासर, मग मामाचं गाव. तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला कुठेतरी धागा लागतोच. एकदा लागला की पुढचं कोणी काही विचारत नाही, सरळ चहा ठेवतात.

मी विचारलं, "गावाचं नाव त्यानं सांगितलं की तू?"

"म्याच."

"आणि आत्याचं घर?"

"म्या म्हटलं, मारुतीच्या पाराजवळचं का? तं हाव म्हने."

त्या आत्याच्या भरवशावर तिनं आगाऊ पैसे पाठवून दिले होते. त्यानंतर त्या माणसानं फोन उचलला नाही. पाराजवळच्या घरी ती स्वतः जाऊन विचारून आली. त्यांचा अकोल्यात कोणी भाचा नव्हता. माझा भाऊ ओरडला नाही. "अजून एक डाव पाह्य," एवढंच म्हणाला, "पुन्हा फसली तं मशीनचं नाव नको काढू." तो बोलतो कमी, पण बोललेलं मागे घेत नाही. तेव्हा हा एक डाव मी माझ्या हातात घेतला.

मी घरातला कूलर, लोखंडी पलंग आणि सायकल अशीच मोबाइलवरून विकली आहे आणि फ्रिज तसाच घेतला आहे. माझी एक पद्धत आहे. वस्तू आवडली की विकणाऱ्याला सांगायचं, आज तुमच्या घरात जी भाजी असेल ती वस्तूवर ठेवा आणि फोटो पाठवा. दुसरीकडून उचललेला फोटो कितीही सुंदर असला तरी त्यात आजची भाजी नसते.

पहिल्या विकणाऱ्यानं आपण सैन्यात असल्याचं आणि बदली झाल्याचं कळवलं. भाजी मागितल्यावर म्हणाला, "मॅडम, तुम्हाला मशीन पाहिजे की भाजी?" दुसऱ्यानं भाजीऐवजी स्कॅन करायचा कोड पाठवला, म्हणे तुमचं मशीन राखून ठेवतो. मी तो नंबरच बंद केला. तिसरी अकोल्याची एक काकू. दहा मिनिटांत फोटो आला: मशीन, त्यावर अर्धं लाल कोहळं, आणि खाली लिहिलेलं, "उद्या वांगे आहेत. पुन्हा पाठवू का?"

मग तिनं माझाच फोटो मागितला, माझ्या भाजीसकट. मी हातात दोडका धरून उभी राहिले. बाई कामाची वाटली.

आम्ही दोघी सकाळच्या गाडीनं निघालो. पत्ता घरी लिहून ठेवला होता. गाडीत मी भावजयीला बजावलं, "मशीन चालवून होईपर्यंत गाव सांगायचं नाही. सासर नाही, माहेर नाही."

"मंग बोलू काय?"

"ऊन लई आहे, म्हण."

काकूच्या अंगणात सात-आठ बाया कुरडया घालत होत्या. चुलीवर गव्हाचा चीक शिजत होता, खाटांवर ओल्या कुरडयांच्या रांगा. मशीन ओसरीवर आणून ठेवलेलं, वायर खिडकीतून बाहेर काढलेली, आणि घराच्या दाराला कुलूप.

काकू भावजयीकडे पाहून म्हणाली, "कोनत्या गावच्या वं तुमी?"

भावजयीनं माझ्याकडे पाहिलं. "ऊन लई हाये, काकू."

"हाव, थे तं दिसून राह्यलं. गाव कोनतं?"

"लईच ऊन हाये."

सोऱ्या दाबणारी बाई हसून म्हणाली, "इले ऊन लागलं वाट्टे. पानी द्या व कोनी."

मी मशीनकडे वळले. भावजयीनं आधी सुती कापड घातलं. टाके सरळ पडले आणि तिचा चेहरा उजळला. पण सुती कापडावर कोणतंही मशीन चांगलं चालतं. मी पिशवीतून जुनी पातळ सिंथेटिक साडी काढली. दर चार बोटांवर टाका सुटायला लागला.

"चालते ताई, घेऊन घेऊ," ती हळूच म्हणाली.

"घरी जाऊन माझ्या भावाला काय सांगशील?"

मी सोबत आणलेली नवी सुई लावली, तरी टाके सुटतच होते. काकू हात पुसत आली. "सरका." तिनं दोऱ्याचा ताण सैल केला, खालची बॉबिन काढून पुन्हा बसवली आणि भावजयीला म्हणाली, "आता चालव. पुरी साडी कर, अर्धी नाई." भावजयीनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्ण काठ केला. मी तो बोटांनी तपासत गेले. एकही टाका सुटला नव्हता. मोटर हाताला कोमट लागली, तापली नव्हती.

पैसे तिथेच दिले आणि कागदावर लिहून दोघींनी सह्या केल्या. मग मी म्हटलं, "सांग आता."

तिनं गाव, सासर, माहेर एका दमात सांगितलं. चीक हलवणारी बाई चुलीपासून उठलीच. तिची मावसबहीण आमच्या भावजयीच्या माहेरी, दोन घरं सोडून दिलेली. तिनं घराची खूण स्वतः सांगितली, हे मी लक्षात घेतलं.

काकू मला म्हणाली, "म्या एकटी राहतो, बाई. तुमी कोन, कशा, मले का माहीत? म्हनून आजच कुरडया काढल्या." मग तिनं कमरेची किल्ली काढून कुलूप उघडलं. "या आता आत. चहा घ्या."

मशीन वेगळं, टेबल वेगळं करून रिक्षात घातलं. बसस्टँडच्या वाटेवर भावाचा फोन आला. भावजय म्हणाली, "भेटलं ना! आपलेच निघाले ते लोक!"

"पुन्हा आपलेच?" पलीकडून भावानं विचारलं. मी तिच्या हातून फोन घेतला. "घाबरू नको," म्हटलं, "मशीन पायाशी आहे."