खाडीतली पांढरी खुर्ची

माझ्या आईला खाली बसता येत नाही. म्हणजे बसता येतं, उठता येत नाही. म्हणून गोराईच्या खाडीत, धाकट्या भावाच्या चिमुकल्या बोटीत, आम्ही बाल्कनीतली पांढरी प्लास्टिकची खुर्ची नेली. बोरिवलीहून जेट्टीपर्यंत ती रिक्षात माझ्या मांडीवर होती. जगात कोणी बोटीत खुर्ची नेत नाही, हे मला कळत होतं. पण आईला कोण सांगणार?

निमित्त होतं माझ्या मुलीचं. नोकरीला लागल्यापासून ती रविवारी वेकबोर्डिंग शिकायला जायची. पाय फळीला बांधायचे, हातात दोरी धरायची, पुढे स्पीडबोट ओढत नेणार. बोटीमागे ज्या लाटा उठतात त्यांच्यावरून उड्या मारायच्या. "आजी, एकदा बघायला ये ना गं," असं तिनं लावूनच धरलं होतं.

त्या सकाळी पाणी तेलासारखं निवांत होतं. मला ते काही आवडलं नाही. खारफुटीत एक बगळासुद्धा नव्हता. भावाने निघताना प्रवचन दिलं. "दादा, मोठ्या बोटीची लाट आली तर घाबरायचं नाही. वेग कमी करायचा, नाक तिच्याकडे जरा तिरकं वळवायचं. आडवं सापडलो तर वाट लागली. आणि इंजिन बंद करायचं नाही, नाहीतर बोट वळणार कशी?"

"कळलं," मी म्हणालो. मला पोहता येत नाही, त्यामुळे अशा गोष्टी मला पटकन कळतात.

खाडीत थोडं आत गेल्यावर आईने नाकाला पदर लावला. "बंद कर रे ते धूड. पेट्रोलच्या वासाने मळमळतंय."

"आई, चालू असू दे, अगं..."

"बंद कर म्हटलं ना!"

पन्नाशीला टेकलेल्या आमच्या कॅप्टनने मुकाट्याने इंजिन बंद केलं. आमच्या घरात आईचं ऐकतात. ओहोटीच्या ओढीने बोट हळूहळू आडवी होत गेली. टोचते म्हणून आईने लाइफ जॅकेटची क्लिपही सोडली. सगळं कसं आरामशीर झालं.

मग स्पीडबोट आली, मागे दोरीला माझी मुलगी. "आजीऽऽ!" ती ओरडली, आणि चालकाने आजीला नीट दिसावं म्हणून बोट आमच्या अगदी जवळून नेली. बोट गेली, आवाज विरला, आई अजून टाळ्या वाजवत होती. तेव्हा मला ती दिसली. फेस नाही, आवाज नाही. पाण्याची एक लांब, गुळगुळीत, काळपट घडी आमच्या आडव्या बोटीच्या कुशीवर येत होती. माझी पोर जिच्यावर नाचत होती, तीच लाट.

भावाने इंजिनची दोरी ओढली. नुसती घरघर. पुन्हा ओढली. "दादा, आईला धर!"

मी खुर्ची धरली. आईला नाही, खुर्चीला!

आई मात्र स्वतःच घसरून धप्पकन तळाच्या फळ्यांवर बसली. बोट कलली, पाणी आत आलं, आणि खुर्ची माझ्या हातातून सुटून काठावरून गेली. मागून आणखी दोन लाटांनी धक्के दिले.

"गेली वाटतं खुर्ची," आई खालून म्हणाली.

आम्ही हसणार, एवढ्यात लांबवर मुलीने मागे वळून पाहिलं. तिला बोटीत आम्ही दोघेच दिसले. आणि पाण्यात उलटी झालेली पांढरी खुर्ची.

तिनं दोरी सोडली.

पायातली फळी झटकून ती खुर्चीकडे पोहत सुटली. "आजी! आजी कुठंय?" समोरून मोटरसायकलींनी भरलेली फेरीबोट येत होती. आम्ही ओरडत होतो, "आहे गं, इथेच आहे!" पण फेरीच्या इंजिनापुढे आमचा आवाज कुठे पोचतोय! शेवटी दोघांनी आईला काखेत हात घालून उचललं.

"हळू रे मेल्यांनो, गुडघा!"

आईचं डोकं काठाच्या वर आलं तेव्हा कुठे पोर थांबली. खुर्चीला लोंबकळून रडायला लागली. फेरीने भोंगा वाजवला आणि ती मुलीच्या मागून गेली. इतक्या जवळून, की मी डोळे मिटले.

भावाचं इंजिन एकदाचं सुरू झालं होतं. "आई, वास..." तो म्हणाला.

"असू दे." आईने जॅकेटची क्लिप स्वतःच लावली. ती फेरीच्या मागे बघत होती. तिथून आणखी एक घडी निघाली होती.

या वेळी भावाने नाक वळवलं. लाटेनं मुलीला उचललं आणि आमच्या बोटीशी आणून सोडलं. मी दोन्ही हातांनी तिलाच धरलं. खुर्ची ओहोटीबरोबर निघून गेली.