पंचमीच्या पुड्या

चंद्रानं कोंडिबांना पहिल्यांदा पाहिलं, ते लग्नानंतर सासरचा उंबरा ओलांडताना. दारात सगळी वाडी गोळा झाली होती आणि सगळ्यांच्या नजरा नवरीच्या तोंडाकडं लागल्या होत्या. एकच माणूस तिच्याकडं पाठ करून उभा होता. उंच, काटक, खांद्यावर घोंगडी. तो नाक वर करून कसला तरी वास घेत होता.

"वैनी, भात लागला!" तो आत तोंड करून ओरडला. "नवरी काय पळून जात न्हाई, भात बघा!"

चंद्राला हसू फुटलं. नव्या सुनेनं उंबऱ्यातच दात दाखवावेत, हे तिच्या सासूला, सोजराबाईंना, मुळीच आवडलं नाही. पण भात खरंच लागला होता.

कोंडिबा म्हणजे सासऱ्यांचे, रखमाजींचे, धाकटे भाऊ. भाटघरच्या धरणाच्या पाण्यावरून वर मान केली की डोंगराच्या कुशीत जी धनगरवाडी दिसते, तिथं हे घर. बायको तरणेपणीच पटकीनं गेली आणि कोंडिबांनी पुन्हा लग्न केलं नाही. वर्षातले कितीतरी महिने गुरांमागं वरच्या पठारावर काढायचे, तिथंच तीन दगडांवर शिजवायचं. बरोबरच्या गुराख्यांनाही तेच घालत. त्यांच्या हातची चव सगळ्या डोंगरात माहीत होती आणि तिच्यावरून होणारी चेष्टाही. कुणी "काय कोंडिबाई, आज काय बेत?" असं डिवचलं, तर ते म्हणत, "बाई म्हना नायतर बुवा म्हना, जेवून जावा म्हंजे झालं."

चंद्राची पहिली नागपंचमी आली. विंझरच्या वरच्या अंगाला तिचं माहेर. भाऊ गेनू आदल्या दिवशी न्यायला येणार होता. सोजराबाईंनी परवानगी दिली होती, पण अट घालून. "सनाची कामं उरकून जायचं. काम टाकून गेलीस, तर दिवाळीपत्तुर माह्यराचं नाव काढायचं न्हाई."

पंचमीला त्या घरात औत नाही, विळी नाही, तवा नाही आणि जातंही नाही. धरणीच्या पोटातल्या नागोबाला इजा नको म्हणून कापणं, भाजणं, दळणं सगळं बंद. जे करायचं ते उकडून. त्यामुळं पुरण भरून उकडायच्या दिंडांसाठीचे गहू आदल्या दिवशीच दळून ठेवायचे. खास भोरच्या बाजारातून आणलेले गहू होते ते, आणि दळायचं काम चंद्राचं.

ती जात्यावर बसली, पहिली मूठ घातली, आणि पलीकडच्या डोंगरधारेवरून कुणाची तरी शीळ आली. गेनूच! ती तशीच उठून धावली. शीळ एका गुराख्याची निघाली. पण एकदा बाहेर आलेली चंद्रा परत जात्याशी गेली नाही. पाऊलवाटेकडं डोळे लावून अंधार पडेपर्यंत उभी राहिली. आतून सोजराबाईंनी विचारलं, "दळान झालं का गं?"

"व्हय आत्या," ती म्हणाली. पहाटे उठू नि दळू, तिनं मनाशी ठरवलं.

पहाटे तिला जाग आली तेव्हा सोजराबाईंची अंघोळ होऊन जात्याला हळदीकुंकू लागलं होतं. वर धुतलेला धडपा पांघरला होता. आता ते जातं दुसऱ्या दिवसापर्यंत देव झालं होतं.

चंद्रा गोठ्यात जाऊन रडू लागली. कोंडिबा तिथं म्हशीची धार काढत होते.

"अगं पोरी, ओढ्याला पानी केवढं आलंय. तुजा भाऊ काय मासा हाय व्हय पोहून यायला? उतरंल पानी, येईल त्यो."

"भावाचं न्हाई आबा," ती म्हणाली, आणि गव्हाचं सगळं सांगून टाकलं. "आत्यांना कळलं, की म्या खोटारडी ठरनार. मंग कुटलं माह्यार!"

कोंडिबांनी धार संपवली, मगच बोलले. "म्या काय वैनींशी लबाडी करनार न्हाई. इचारलं तर खरं ते सांगीन. पर इचारायला त्यांना सवड कशी मिळती, ते बघतो."

आणि ते सरळ ओसरीवर जाऊन उभे राहिले. "आयका समदी! आज बाया झोक्यावर आन् म्या चुलीवर. घरात जो पाय ठेवंल, त्यानं पानी भरायचं."

रखमाजी हसले. चंद्राचा नवरा चिमाजी आणि घरातली पोरं औत नसल्यानं सकाळपासून कंटाळली होती, त्यांनी एकच गिल्ला केला. सोजराबाई म्हणाल्या, "आन् दिंडं?"

"वैनी, झोका रिकामा हाय," कोंडिबा म्हणाले.

सोजराबाईंना झोका फार आवडे. दारातल्या आंब्याला तो बांधला होता. त्या नको-नको म्हणत गेल्या आणि एकदा बसल्यावर उठेनात.

मदतीला कोंडिबांनी एकट्या चंद्राला आत घेतलं. एका मडक्यात हुलगे, दुसऱ्यात ते बिचारे न दळलेले गहू शिजत ठेवले. तांदळाचा बोटचेपा भात केला. दिंडांखाली घालायला हळदीची पानं कालच तोडलेली होती. त्या एकेका पानात भात आणि त्याच्या पोटात काहीतरी लपवायचं: कुठं गूळ, कुठं मिठाचे हुलगे, कुठं गुळातले गहू. वर केळीच्या सालीचा दोर बांधायचा आणि पुड्या वाफेवर ठेवायच्या. एका पुडीत मात्र कोंडिबांनी हातानंच मोडलेल्या हिरव्या मिरच्या कोंबल्या आणि दोराला दोन गाठी मारल्या.

"आबा, ह्यी कुनाला?"

"ज्याच्या नशिबात आसंल त्याला," कोंडिबा म्हणाले. पण ती पुडी त्यांनी वेगळी ठेवली.

दुपार कलली तेव्हा सगळी रांगेत बसली. पोरांना काकड्या मिळाल्या. विळी नसल्यानं त्या गुडघ्यावर आपटून फोडायच्या होत्या. चिमाजीनं फोडली ती थेट रखमाजींच्या अंगावर उडाली. कोंडिबांनी पुड्या वाटल्या आणि नेम सांगितला. "उघडायच्या आदी आत काय ते सांगायचं. एकात मिरची हाय. ज्याला लागंल, त्यानं नाव घ्यायचं. त्याबिगार दुसरा सबूद काढायचा न्हाई."

"माज्यात गूळ!" "हॅट, हुलगं निगालं!" "दादाच्यात गूळ हाय, मला बदलून पायजे!" ओसरी दणाणून गेली. हळदीच्या पानांचा वास घरभर दरवळत होता.

दोन गाठींची पुडी सोजराबाईंच्या पुढं आलेली चंद्रानं पाहिली. पण त्यांनी आधी दुसरी सोडली. घास घेतला, चावला, आणि थांबल्या. बोटावर एक दाणा घेऊन निरखला. अख्खा गहू.

"चंद्रे," त्या म्हणाल्या, "ह्ये गहू काल दळलं हुतंस ना?"

चंद्रानं कोंडिबांकडं पाहिलं. पण प्रश्न त्यांना नव्हता. हातातला घास खाली ठेवून ती म्हणाली, "न्हाई आत्या. गेनू आल्यावानी वाटलं म्हनून उठले, त्ये ऱ्हायलंच. म्या खोटं बोलले तुमच्याशी."

सोजराबाईंनी पुढची पुडी सोडली आणि राग गिळावा तसा घास तोंडात कोंबला. तो दोन गाठींच्या पुडीतला होता. क्षणभर काही झालं नाही. मग त्यांचे डोळे मोठे झाले, नाक लाल झालं आणि त्या सूं सूं करू लागल्या. बोलायला तोंड उघडलं, तसे कोंडिबा म्हणाले, "आदी नाव, वैनी. नेम म्हंजे नेम."

त्यांनी दिराकडं असं बघितलं, की दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. कोंडिबा दुधाचा तांब्या हातात धरून बसून राहिले. शेवटी डोळे पुशीत सोजराबाई म्हणाल्या,

"भाताच्या खाचरात बगळा उभा एका पायी,
रखमाजीरावांच्या घरात गप बसायची सोय न्हाई."

इतक्या वर्षांनी आपलं नाव ऐकून रखमाजी नव्या नवऱ्यासारखे लाजले. पोरं लोळून हसली. सोजराबाईंनी तांब्या हिसकावून घेतला, घटाघटा दूध प्यायल्या, आणि राग शोधायला गेल्या तर तो कुठं सापडेना.

"उद्या वढा उतरला, की जा भावासंगं," त्या चंद्राला म्हणाल्या. "पर जायच्या आदी जात्यावर बस. आन् पुन्यांदा 'व्हय' म्हनशील, तवा पीठ दाखव."

"दिंडं उद्या करा मंग," कोंडिबा म्हणाले.

"तुमी बोलूच नगा! दुसरी पुडी हाय का त्या गव्हाची?"

गेनू दुसऱ्या दिवशी आला. त्याला पीठ होईपर्यंत ओसरीवर बसून राहावं लागलं. पुढं त्या घरात पंचमीला दिंडांचं नाव कुणी काढलं नाही. दर साली पुड्याच होतात आणि मिरचीची पुडी कुणाकडं जायची, हे कोंडिबा आणि चंद्रा दोघांनाच माहीत असतं.

आता कोंडिबा सत्तरीला टेकलेत. गुरं चिमाजीचा थोरला राखतो. दाढा पडल्यामुळं त्यांना गहू चावत नाहीत, म्हणून चंद्रा त्यांच्या वाटणीचे वेगळे काढून दुधात मऊ शिजवते, आणि ते ओसरीवर बसून खातात.