सुलाकाकूनं आणलेली माती

नाशकातल्या सराफ बाजारातली दुकानं उघडायच्या आत जी बाई प्रत्येक पायरीपुढची धूळ कुंच्यानं गोळा करायची, ती माझी चुलती, सुलाबाई. आम्ही झारेकरी. सोनाराच्या कानशीतून उडालेले कण मातीत पडतात. ती माती धुऊन सोनं काढायचं, हा आमचा पिढीजात धंदा. मी त्यातून सुटलो आणि सातपूरला कारखान्यात फिटर झालो. "घास लोखंड," काकू म्हणायची, "हाताला सोनं लागायला नशीब लागतं." हे सांगणाऱ्या बाईच्या स्वतःच्या गळ्यात काळ्या मण्यांत पितळेच्या वाट्या होत्या.

त्या वाट्या बदलायलाच भिकनकाका गेला होता. १९५८ साली, लग्नाला दोन वर्षं झाली असताना. "दुसऱ्याच्या दारची धूळ किती दिवस धुवायची? सोनं निघतं तिथंच जातो," म्हणाला आणि रायचूरकडे हट्टीच्या खाणीत कामाला लागला. तीनेक वर्षं पत्रं आली, मग बंद झाली. तिथूनच परतलेल्या मनमाडच्या सोमानं बातमी आणली, की भिकन खाणीतलं सोनं चोरून तिथल्या आपल्या खोलीवर नेतो, अशी तिकडे कुजबुज आहे. झारेकऱ्याच्या घराला चोरीचा डाग लागला, तर कुठला सराफ पायरी झाडू देईल? आमच्या घरातल्यांनी काकाचं नाव घेणंच सोडलं. काकूला कुणी विचारलंच, तर ती एवढंच म्हणायची, "लाजेनं येत नसंल."

१९८०च्या सिंहस्थात रामकुंडावर तिला रायचूरकडचा एक यात्रेकरू भेटला. हट्टीत नाशिकचा कुणी भिकन बरीच वर्षं राहत होता, इतकंच त्याला माहीत होतं. तेवढ्यावर काकूनं माझ्यामागे टुमणं लावलं. रजा शिल्लक नाही म्हणून मी सहा महिने थापा मारल्या आणि शेवटी मुकाट्यानं मनमाडहून तिच्यासोबत गाडी धरली.

सोन्याचं गाव म्हटल्यावर थोडाफार तरी झगमगाट असेल, असं मला वाटलं होतं. कसलं काय! बाभळी, पत्र्याची हॉटेलं आणि खाणीतून काढून टाकलेल्या करड्या रेतीचे ढीग. चहावाला मोडक्या हिंदीत सांगत होता, की हजारो वर्षांपूर्वीही इथं लोक दगडाला आग लावून, तो तडकवून सोनं काढायचे. त्यांचे खड्डे अजून आहेत, पण बघायला कुणी येत नाही. मी जरा कान दिला. काकू मात्र रस्त्यावरच्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या तोंडाकडे निरखून बघत होती. मला तिची दया आली आणि काकाचा भयंकर राग आला.

कामगारांच्या चाळीत चिमाजी नावाचा सोलापूरकडचा म्हातारा सापडला. तो काकाचा शेजारी निघाला.

"भिकन? चार वर्सं झाली की त्याला जाऊन. छातीचं दुखणं हुतं."

काकू ओट्यावर बसली. रडली नाही. तिनं विचारलं, "बाई होती का कोन्ही?"

"न्हाई. एकलाच ऱ्हायचा."

"आन चोरी?"

"मानसं बोलायची. धरला न्हाई कुनी. खरं-खोटं देवाला ठावं."

"खोली कंची?"

खोलीत आता गोवऱ्या रचल्या होत्या. काकूनं पदर खोचला आणि पिशवीतून कुंचा बाहेर काढला. नवऱ्याला शोधायला निघालेली बाई सोबत कुंचा घेऊन आलीय, हे मला तेव्हा कळलं. चुलीभोवती, उंबऱ्याच्या फटीत, चारही कोपऱ्यांत तिनं जमीन खरवडली.

"अगं, हे काय चाललंय?" मी ओरडलो.

"खानीतलं सोनं दगडात आसतं. चोरलं तरी घरी आनून कुटावं लागतं. कुटलं की उडतं, आन उडालेलं सोनं जमीन सोडत नाय. त्यानं चोरी केली आसंल, तर ही माती सांगंल."

माती तिथंच धुऊन टाक म्हटलं, तर ऐकेना. "हितलं पानी माझ्या वळखीचं नाय." सात-आठ किलोचं ते गाठोडं तिनं परतीच्या प्रवासात मांडीवरून खाली ठेवलं नाही. फलाटावर हमाल उचलू लागला, तर त्याच्यावरही खेकसली.

नाशकात उतरल्यावर घरी न जाता ती सरळ गोदावरीवर गेली आणि पाटी, पारा आणायला मला घरी पिटाळलं. लाकडी पाटीत माती घेऊन तिनं ती सात वेळा धुतली. तळाशी मूठभर काळी रेती उरली. तिच्यात पारा फिरवला. सोन्याचा बारीकसा कण असला तरी पारा त्याला धरतो. मग पारा फडक्यातून गाळला. सोनं असतं, तर ते फडक्यात मागे राहिलं असतं. फडकं कोरं होतं. तिनं पुन्हा पारा फिरवला, पुन्हा गाळला. काही नाही.

मला इतका आनंद झाला की मी घाटावरच ओरडलो, "काकू, काका चोर नव्हता! आता सगळ्या बाजाराला सांगतो!"

काकूनं पाटी खाली ठेवली आणि ओल्या हातानं गळ्यातल्या पितळेच्या वाट्या घट्ट धरल्या. मग तिचा बांध फुटला.

"चोर निघाला आसता तर बरं झालं आसतं रे. लाजेनं येत नाय, आसं मनाला सांगत मी वीस वरसं काढली. आता सांग, मग आला का नाय?"