आपण म्हणजे कोण कोण?

नववीला इतिहास शिकवणाऱ्या बाईंना शाळेत सगळे ‘कोण-कोण बाई’ म्हणतात, आणि ते त्यांना ठाऊक आहे. पोरांच्या निबंधात ‘आपण’ दिसलं की त्यांची पेन्सिल थांबते. आपण शूर, आपण सहनशील, आपण पूर्वीपासून इथलेच. प्रत्येक ‘आपण’खाली रेघ, समासात दोन शब्द: कोण कोण? उत्तर मनानं ठोकून दिलेलं चालत नाही. माणसांना विचारायचं, आणि त्यांनी सांगितलं की पुढचं विचारायचं, ‘तुम्हाला कसं माहीत?’ देश म्हणजे कोण, हे बाई स्वतः कधीच सांगत नाहीत. पोरं त्यावर चिडतात, पण तास चुकवत नाहीत.

यंदा मात्र तो तासच जायची वेळ आली. लाकडाच्या वखारवाल्याच्या मुलीनं लिहिलं होतं, ‘आपण मूळचे इथले.’ समासातला प्रश्न घेऊन ती घरी गेली आणि वाक्य दुरुस्त करून आली: ‘आपण मूळचे इथले, आजी-आजोबा सोडून.’

ते वाचून वखारवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साक्षीला म्हाताऱ्या आईला घेऊन तो थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत. बाईंना बोलावणं आलं.

“बाई, यांची तक्रार कायम राहिली तर हा तास बंद करावा लागेल,” मुख्याध्यापक म्हणाले. “मग नुसत्या सनावळ्या शिकवा.”

“शाळा आहे का पोलीस चौकी?” वखारवाला कडाडला. “पोरीला घरच्यांची चौकशी करायला लावता! आई, सांग यांना आपण कुठले ते.”

आजी खुर्चीत नीट सावरून बसल्या. “मी नि तुझे बाबा नदीपलीकडच्या देशातून आलो. तू पोटात होतास.”

वखारवाला गर्रकन आईकडे वळला. “मला कधी बोलली नाहीस!”

“तू विचारलंस कधी? ‘आई, किल्ल्या कुठायत’ याच्यापुढे तुझा प्रश्न गेलाय का आजवर?”

मुख्याध्यापकांनी हसू खोकल्यात दडवलं. बाई आता गप्प बसल्या असत्या तर बाजी त्यांचीच होती. पण जित्याची खोड.

“आजी, एकट्या तुमच्या सांगण्यावर कसं लिहायचं? हे माहीत असलेलं आणखी कोणी आहे?”

“अगं, माझ्या पोटात होता, आणि विचारतेस दुसऱ्यांना?”

“नाही, बाईंचं बरोबर आहे,” वखारवाला एकदम म्हणाला. “मावशीला विचारू. आईला तिखटमीठ लावायची सवय आहे.”

“मी तिखटमीठ लावते? आणि तुझी मावशी काय हरिश्चंद्राची लेक?”

मायलेकांची जुंपली. मुख्याध्यापकांनी मध्येच चाचरत विचारलं, “म्हणजे तक्रार...?”

“थांबा हो सर,” वखारवाल्याचा फोन कानाला होता. “रिंग जातेय.”

मुख्याध्यापकांनी बाईंना हातानंच खूण केली: जा, वर्ग खोळंबलाय.