सगळ्या प्लगांचं एकच बटण
आज किचनमधून नासक्या दुधाचा वास आला आन् मला नवी सून असतानाची ती बासुंदी आठवली. शिरूरच्या या घरात मालकांनी मिक्सर, फ्रीज, सगळ्या प्लगांना मिळून एकच बटण बसवलं होतं. मी अतिशहाणी, लाईटबिल वाचवायला किचनात आले की चालू करायची, निघताना बंद. नणंदेला बघायला दौंडचे पाहुणे निघाले, तर इकडं बासुंदी आंबलेली! फ्रीज उघडला तर दिवा लख्ख. डोकंच चालेना. शेवटी गवळ्यावर तोंड सोडलं आन् सवयीनं बटण बंद करून निघाले. सासूबाई ओरडल्या, "अगं बये, फ्रीजबी मालवलास की!" पाहुण्यांना शिरा वाढला, तरी सोयरीक जमली. आता सून गवळ्याला फोनवर झापतीय, आन् काल रात्री जुन्या सवयीनं मीच बंद केलेलं ते बटण गुपचूप चालू करून मी इथं येऊन बसलेय.